चोर गाडीत चढत नाही

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "ताई, तुम्ही इतकी वर्षं लाल गाडीत कंडक्टर होतात. स्टँडवरच्या गर्दीत पाकीटमारांपासून कसं वाचावं, त्याच्या चार टिपा लिहून द्या ना. हलकंफुलकं चालेल." मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि मग माझं डोकं तापलं. चार टिपा! अन् हलकंफुलकं! पाकीट पुढच्या खिशात ठेवा, गळ्यातल्या पोतीला पिन लावा, पर्स पोटाशी धरा, हे मी नोकरीभर गाडीच्या दारात उभी राहून कोकलले. माझा घसा बसला, पण पोती तुटायच्या काही थांबल्या नाहीत.

आणि सावध राहायचं कुणी? ज्याचं जातं त्यानंच. स्टँडवर मोठी पाटी असते, 'चोरांपासून सावध राहा'. पाटी ठोकली की साहेबलोकांचं काम संपलं. पुढं एखाद्या बाईची पोत गेली तर पहिला सवाल तिलाच, "कशाला घालून यायचं सोनं गर्दीत?" आता लग्नाला निघालेली बाई सोनं घालून नाही जाणार तर काय घरी डब्यात ठेवून त्याचा वास घेणार? चोराला कुणी विचारत नाही की बाबा, तू कशाला आलास गर्दीत.

तर टिपा देते, पण त्यांच्याबरोबर मला जे सांगायचं आहे तेही ऐकून घ्यावं लागेल.

नांदेड ते लातूर ही माझी कायमची फेरी. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर आणि त्याच रस्त्यानं परत. मधूनमधून देगलूर नाहीतर हदगाव. ज्यांनी कधी लाल गाडीनं प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडं गाडी फलाटाला लागायच्या आधीच भरायला लागते. चालत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल पडतात, टोप्या पडतात, पिशव्या पडतात. एकानं तर चप्पल टाकून जागा धरली होती. रुमाल ज्याचा त्याची सीट, हा आमचा कायदा, आणि सरकारी कायद्यापेक्षा तो जास्त पाळला जातो. मग रुमालवाला दाराकडं पळतो, कारण त्याच्या रुमालावर दुसऱ्यानं बसायच्या आत त्याला पोचायचं असतं. दार एकच, पळणारे शंभर. त्यात बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून बाया माहेराला, दवाखान्याला, लग्नाला हिंडायला लागल्या. हिंडू द्या की, जन्मभर चुलीपुढंच होत्या! पण गाड्या तेवढ्याच राहिल्या आणि दारही तेवढंच राहिलं.

चोराला याहून जास्त काही लागत नाही. एक जण पायरीवर चढून अडून बसतो, "थांबा की, आतले उतरू द्या." दुसरा मागून रेटतो. मधे सापडलेल्या बाईचा एक हात दांडीला, दुसरा पोराला नाहीतर पिशवीला. तिसरी बहुतेक बाईच असते. खांद्यावर शाल, कधी कडेवर मूल, शालीखाली कटर. काम झालं की ती म्हणते, "अगं बाई, ही परभणीची न्हाई का?" आणि खाली सरकते. पायरीवरचाही उतरतो. गाडी निघून जाते आणि ते तिघं पुढच्या गाडीच्या फलाटावर जातात. म्हणून मी सांगते, चोर गाडीत चढतच नाही. हे वाक्य मी किती ठाण्यांत, किती साहेबांपुढं बोलले असेन, त्या महादेवाला ठाऊक.

ओळखायचं कसं? ज्याला गाडी पकडायची असते तो गाडीची पाटी बघतो. हे लोक गळे आणि खिसे बघतात. लागोपाठ तीन गाड्यांच्या दारात घुसतात आणि एकीतही बसत नाहीत. काही चेहरे मला तोंडपाठ झाले होते. एकदा एकाला मी म्हणाले, "काय दादा, काल हदगावला निघाले होते, आज लातूर. उद्या काशीला जाताय का?" तो निर्लज्ज हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाडीला हात लावत न्हाई आपण." म्हणजे दुसऱ्याच्या गाडीला लावणार, कसं! चौकीत जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं, पुरावा आणा. मी तिकिटं काढू का पुरावे गोळा करू?

आणि ते लाऊडस्पीकरवरचं सांगणं. "प्रवाशांनी खिसेकापूंपासून सावध राहावे." हे कानावर पडलं की फलाटावरच्या प्रत्येक माणसाचा हात जिथं त्याचा ऐवज आहे तिथं जातो. कुणाचा छातीला, कुणाचा कमरेला, कुणाचा मागच्या खिशाला. चोराला शोधायचे कष्टच नकोत. तेव्हा ही घ्या पहिली टीप. घोषणा झाली की हात जागचा हलवू नका.

दुसरी टीप देगलूरच्या एका किराणावाल्या शेठजींकडून. हे गृहस्थ नांदेडहून माल घ्यायला आले होते, माल काही पसंत पडला नाही, रोकड तशीच परत घेऊन निघाले. गाडी खच्चून भरलेली. शेठजी मागं, बायको पुढं बायांच्या सीटवर. तिनं मागं वळून डोळ्यांनी खूण केली, आहे ना नीट? तर शेठजी अख्ख्या गाडीतून तेलुगूत ओरडले, "डब्बुलु डब्बालो उन्नायि!" म्हणजे पैसे डब्यात आहेत, काळजी करू नको. त्यांना वाटलं, तेलुगूत बोललो, कुणाला कळतंय! अहो, देगलूरच्या गाडीत! जिथं अर्धी गाडी घरी तेलुगू बोलते आणि उरलेल्या गाडीला बाजारापुरती येते! नायगावला गाडी थांबली तेव्हा भाकरीसकट डबा गायब, ऐकणाऱ्या एखाद्या प्रवाशाचीच नियत फिरली. मग शेठजी माझ्यावर खेकसले, "कंडक्टर काय करून राहिली होती?" मी म्हणाले, "शेठजी, तुम्ही भोंगा लावून सांगितलं, मी त्यात काय करू?" सगळी गाडी हसली. मीही हसले, पण तो माणूस उतरताना पायरीवर मटकन बसला तेव्हा हसू आवरलं.

असे किस्से लई आहेत. पण राग कशाचा आहे ते सांगायचं तर मला त्या चाकूरच्या म्हातारीकडंच यावं लागेल.

लग्नसराईचे दिवस होते आणि ऊन मे महिन्याचं. सकाळची नांदेड-लातूर फेरी. आमचे ड्रायव्हर गफूरभाई, शांत माणूस, हॉर्नसुद्धा विचार करून वाजवायचे. गाडी अजून डेपोतून फलाटाला यायची होती, तेव्हाच एक बाई मला विचारून आत येऊन बसली होती. डोक्यावर मोठं गठुडं. पालावरची बाई होती, भटक्या समाजातली, गावोगाव हिंडून मणी, सुया, पिना, काळ्या पोती विकणारी. माल भरायला नांदेडला आली असणार. तिला गर्दीत गठुड्यासकट कुणी चढू देत नाही म्हणून ती नेहमी अशीच आधी येऊन शेवटच्या सीटवर बसायची. चाकूरचं तिकीट. त्या दिवशीचं पहिलं तिकीट मी तिचं काढलं, म्हणून माझ्या पक्कं ध्यानात आहे.

मग गाडी फलाटाला लागली आणि नेहमीचं रणकंदन झालं. त्यात चाकूरचे एक मायलेक होते. मुलगा मन्मथ, चाळिशीचा, कापडाचं दुकान चालवणारा. आई शिवकांताबाई, पांढरीफेक साडी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, आवाज खणखणीत. गर्दीत कुणी रेटलं की ती कोपरानं परत रेटत होती. दारात ती बराच वेळ अडकली. "मेल्यांनो, म्हातारी दिसत न्हाई का?" हे तिचं ओरडणं मला आतून ऐकू येत होतं.

गाडी गावाबाहेर पडायच्या बेतात होती. मी तिकिटं काढत तिच्या सीटपाशी आले आणि तिनं पदर सावरताना गळ्याशी हात नेला. मग एकदम किंकाळी, "मन्मथ्या, माझा देव गेला!"

आमच्याकडं लिंगायत समाजाची माणसं गळ्यात इष्टलिंग, म्हणजे काळाभोर छोटासा महादेव, बांधतात. चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यात ओवून, छातीशी. लहानपणी त्यांचे गुरू, म्हणजे स्वामी, ते गळ्यात बांधतात आणि मग ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज ते तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात पाणी घालायचं. जुनी माणसं तर इतकी कडक की इष्टलिंग अंगावर नसेल तर पाण्याचा थेंब घेत नाहीत. शिवकांताबाई त्यांतल्या होत्या.

आणि गंमत बघा, सोन्याची पोत जागेवर होती. मुलानं घरून निघताना बजावलं होतं म्हणून म्हातारीनं पोतीला दोन्हीकडं पिना टोचून ती पोलक्याला पक्की केली होती. देवाचा दोरा मोकळा. "देव कोण चोरतंय रं?" असं ती म्हणत होती आणि कापलेलं टोक सगळ्यांना दाखवत होती. चोराच्या हाताला शालीखाली जो दोरा लागला तो त्यानं कापला. माझ्या त्या टिपा तिनं सगळ्या पाळल्या होत्या हो!

आता पुढं काय होतं ते आमच्या भागातल्या लेकरालाही माहीत आहे. गाडीत चोरी कळली की आरोळी उठते, "गाडी ठाण्यात घ्या!" कुणाला उतरू द्यायचं नाही, दार लावायचं, गाडी सरळ पोलीस ठाण्याच्या आवारात न्यायची आणि सगळ्यांची झडती. मी हात जोडून सांगितलं, "अहो, चोरी दारात झाली. चोर खालीच राहिला. आत्ताच्या आत्ता स्टँडवर परत जाऊ, तिथं सापडला तर सापडंल." एक सफारीवाले म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिकिटं काढा." गफूरभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "लोगां मानते नै मॅडम. क्या करना?" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गाडी ठाण्याकडं वळली. कोणतं ठाणं ते विचारू नका, नाव घेऊन मला कुणाचं काही वाकडं करायचं नाही.

वळता वळताच मागून कुणीतरी म्हणालं, "गाडीत ते पालावरचं कोण बसलंय बघा."

बस्स. पन्नास माना एकदम मागं फिरल्या. मी ओरडले, "ती बाई गाडी रिकामी होती तेव्हापासून तिथं बसलेली आहे! मीच बसवलंय तिला! म्हातारीच्या जवळसुद्धा आलेली न्हाई ती!" कुणी ऐकतंय? सफारीवाले म्हणाले, "ह्यांचा धंदाच हाय, तुम्हाला म्हायती न्हाई." मला! मला माहिती नाही! जिनं रोज त्या दारात उभं राहून खरे चोर बघितले तिला! आणि मन्मथ, चार माणसांत उठबस असलेला, दुकानात गिऱ्हाइकाला चहा पाजणारा, तो तावातावानं मागं गेला आणि त्यानं गठुडं ओढलं. गाठ सुटली. मण्यांच्या माळा तुटल्या आणि लाल, काळे, पिवळे मणी गाडीभर घरंगळत गेले. सीटखाली, चपलांखाली, गफूरभाईंच्या ब्रेकपर्यंत. बाई उठली नाही, रडली नाही. म्हणाली, "बघ बाबा, बघ. नीट बघ. अजून कुठं बघायचंय?" आणि तिनं स्वतःच पदर झटकून दाखवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मन्मथचा हात धरून मागं खेचला आणि त्याला नको ते बोलले. ते मी इथं लिहीत नाही, दिवाळीचा अंक आहे.

ठाण्यात झडती झाली. म्हणजे पुरुषांचे खिसे वरवर चाचपले, बायांना "बसा बसा" म्हणाले आणि पालावरच्या बाईला मात्र लेडीज कॉन्स्टेबल आत घेऊन गेली. दार लावून. बाहेर आली तेव्हा तिचे केस सुटलेले होते. अंबाड्यातसुद्धा बघितलं होतं. काही सापडलं नाही. कसं सापडणार? कुणी तिला "जा बाई, चुकलं" एवढंही म्हणालं नाही. इंग्रजांनी या लोकांच्या कपाळावर जन्मतःच चोर म्हणून शिक्का मारला होता म्हणे. साहेब गेला, शिक्का आमच्या लोकांनी जपून ठेवलाय.

मग तक्रार. हवालदारानं विचारलं, "किंमत किती?"

म्हातारी म्हणाली, "देवाची किंमत?"

"आज्जी, डबीची. चांदी किती होती?" मग त्यानं स्वतःच ठरवलं, "जुनी दिसते. गहाळ म्हणून लिहितो."

"गहाळ? म्हंजे मी हरवला व्हय? हा दोरा बघ की रं, डोळे फुटले का तुझे? कापलाय ह्यो!" म्हातारीनं दोरा त्याच्या टेबलावर आपटला. हवालदार मन्मथला म्हणाला, "चोरी लिहिली की तपास आला, तुम्हालाच चकरा पडतील. स्वामींकडून नवा देव घ्या." मन्मथनं मान डोलावली. मोबाइल गेला तरी गहाळ, पोत गेली तरी गहाळ, आणि गळ्यातून कापून नेलेला देवसुद्धा गहाळ. आमच्या भागात माणसं लई विसरभोळी झाली असं पुढं कुणाला वाटायचं.

गाडी उशिरानं निघाली. मी आणि ती पालावरची बाई वाकून मणी वेचत होतो. बाकीचे पाय वर घेऊन बसले, तेवढी मदत केली. मला तिचं नाव तेव्हा कळलं, सुंदरा. मी म्हणाले, "सुंदराबाई, मनावर घेऊ नका." ती म्हणाली, "मनावर घेतलं असतं तर कवाच मेली असते."

रस्त्यात कुणी म्हातारीला पाण्याची बाटली दिली. तिनं मान हलवली. अहमदपूरला मन्मथनं उसाचा रस आणला, तिनं बघितलंही नाही. चाकूरला उतरताना ती मला म्हणाली, "बाई, तुझं स्टँड हाय ते. बघ कुठं टाकलाय का त्यानं. डबी घ्या म्हणावं, देव द्या." मी मन्मथचा नंबर घेतला. त्या उन्हात तिचे ओठ तेव्हाच पांढरे पडलेले दिसत होते. ही बाई खरंच पाणी घेणार नाही हे मला कळलं होतं.

चोराला लागते ती चांदी. बाकीचं तो फेकतो, आणि कुठं फेकतो हेही आम्हाला ठाऊक असतं. स्वच्छतागृहाच्या मागं रिकामी पाकिटं, आधार कार्डं, देवांचे फोटो रोज पडलेले असतात. संध्याकाळी नांदेडला परत आल्यावर मी नाकाला पदर लावून तो सगळा कचरा काठीनं उकरला. दोन पाकिटं, एक चष्मा, कुणाच्या तरी नातवाचा फोटो. देव नाही. तिथं झाडणारी लक्ष्मीबाई घरी गेलेली होती, तिच्याकडं फोन नव्हता.

घरून मन्मथला फोन केला. तो रडकुंडीला आला होता. डॉक्टर घरी येऊन गेले होते, सलाईन लावू म्हणाले. म्हातारी म्हणाली, सुईतून जातंय ते बी पाणीच की. स्वामी येऊन बसले होते, नवं इष्टलिंग देतो, शास्त्रात सोय आहे म्हणून समजावत होते. त्यांना म्हणाली, "ह्या वयात नवा नवरा करायला सांगतो का मला?" मला हसू आलं. मन्मथ आईला अव्वा म्हणायचा. म्हणाला, "मॅडम, अव्वा हातची जाईल. काहीतरी करा." मी म्हणाले, "माझ्या हातात काय आहे? सकाळी बघते." आणि मग राहवलं नाही म्हणून म्हणाले, "ठाण्याकडं वळलो नसतो, स्टँडवर आलो असतो, तर तो चोर तिथंच पुढच्या गाडीची वाट बघत उभा सापडला असता." त्यानं फोन ठेवला.

सकाळी पहिल्या गाडीच्या आधी मी स्टँडवर पोचले. लक्ष्मीबाई झाडत होती. मी विचारायला तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "हाव, काल सापडलं की. पांढऱ्या फडक्यात काळाभोर गुळगुळीत. भस्म लावलेलं. कुणाचा तरी देव असंल म्हणलं, घाणीत कसा ठेवू? धुतला अन् झाडाखालच्या महादेवाजवळ नेऊन ठेवला."

प्रत्येक स्टँडवर असतं तसं आमच्याही स्टँडवर पिंपळाखाली एक महादेवाचं छोटं देऊळ आहे. लोक जुने फोटो, भंगलेल्या मूर्ती तिथं आणून ठेवतात. त्या सगळ्या निराधार देवांमधे तो बसला होता. लक्ष्मीबाईनं त्याला कुंकू लावलेलं, वर एक जास्वंद. ठाणं, हवालदार, सफारीवाले, सगळ्यांनी मिळून जे केलं नाही ते या बाईनं झाडू बाजूला ठेवून केलं होतं. मी तिला जवळ ओढलं. ती म्हणाली, "अगं, कपडे घाण हायेत माझे."

मी लिंगायत नाही, त्यामुळं हात लावायचा कसा कळेना. नळावर हातपाय धुतले, कोऱ्या रुमालात तो घेतला आणि पिशवीत न ठेवता गाडी निघेपर्यंत ओंजळीत धरला. मन्मथला फोन लावला. "सापडला. आमचीच गाडी सगळ्यात आधी पोचते. अव्वांना स्टँडवर आणा." मग डाव्या हातात देव आणि उजव्या हातानं तिकिटं, असं मी चाकूरपर्यंत काम केलं. गफूरभाईंना काही सांगावं लागलं नाही. त्या दिवशी त्यांनी हॉर्न पहिल्यांदा विचार न करता वाजवला.

चाकूरच्या फलाटावर म्हातारीला बाकावर बसवलं होतं. अंघोळ घालून आणलेली, पण मान सुनेच्या खांद्यावर. एका दिवसात डोळे खोल गेले होते. शेजारी स्वामी भस्माची वडी घेऊन बसलेले, मन्मथच्या हातात तांब्या. मी रुमाल उघडला. तिनं देव बोटांनी चाचपला, एका बाजूचा खडबडीतपणा तिला सापडला आणि तिचा चेहरा उजळला. "ह्योच," एवढंच म्हणाली. डाव्या तळहातावर तो ठेवला, भस्म लावलं, स्वामींनी चार मंत्र म्हटले. स्वामींनीच तो नव्या दोऱ्यात बांधून गळ्यात घातला. माझ्या गाडीतले लोक खिडक्यांतून बघत होते. एक जण ओरडलाच, "मॅडम, उशीर व्हायलाय!" मी म्हणाले, "होऊ द्या."

मन्मथनं तांब्या पुढं केला. म्हातारीनं तो हातात घेतला आणि ओठापाशी नेऊन थांबली. तिची नजर भिंतीकडं गेली होती. तिथं फडकं अंथरून सुंदरा बसली होती, रोजच्यासारखी, मणी मांडून. आमच्याकडं बघत नव्हती. आदल्या दिवशी तुटलेल्या माळा ओवत होती.

"मन्मथ्या, ती कालची बाईच ना?"

मी म्हणाले, "हाव, तीच."

"जा. तिची माफी माग."

"अव्वा, आधी पाणी पी."

"आधी जा."

"अव्वा, लोक बघायलेत."

"काल बी लोकच बघत व्हते," म्हातारी म्हणाली आणि तांब्या मांडीवर ठेवला.

मन्मथ गेला. सुंदरापुढं उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, शेवटी त्यानं ते जोडले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. ते ऐकू यावं म्हणून गफूरभाईंनी इंजीन बंद केलं. सुंदरानं मान वर केली नाही. सुईत दोरा ओवून झाला, गाठ मारून झाली, मग ती म्हणाली, "माफी राहू दे. तिला पाणी पाज. मेली म्हातारी तर ते बी माझ्याच नावावर लागंल."

म्हातारीनं ते ऐकलं. तांब्या उचलला आणि गटागटा प्याली, निम्मं पाणी अंगावर सांडत. मी गाडीत चढले आणि घंटी मारली. मन्मथ अजून तसाच हात जोडून उन्हात उभा होता, आणि सुंदरा पुढचा मणी ओवत होती.